ठोकळ्यावरची तारीख

वकिलानं पत्र तिसऱ्यांदा वाचून दाखवलं तसा मोठ्या काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कुणाकडेही न बघता विचारलं, "हे त्यांच्या हातात दिलं कुणी?"

साइट ऑफिसची ती खोली तशी लहान. रविवार असल्यामुळे बाहेर मिक्सरची घरघर नव्हती, त्यामुळे प्रश्न जरा जास्तच मोठा ऐकू आला. बाबांनी पंख्याकडे पाहिलं. काकू किटलीतून चहा ओतत होत्या, त्यांचा हात क्षणभर थांबला. वकील मात्र सरळ पट्टीकडे बघत होता, आणि आपण बघतोय हे सगळ्यांना दिसावं अशा बेतानं बघत होता.

पट्टी हे काही तिचं नाव नव्हे. सहाव्या वर्षी आजोबांची मोजपट्टी घेऊन ती घरभर दारांच्या उंच्या मोजत फिरली होती आणि आजोबांनी स्वतः बसवलेल्या दोन दारांत अर्ध्या बोटाचा फरक आहे, असं तिनं सगळे जेवायला बसलेले असताना जाहीर केलं होतं. तेव्हापासून मोजपट्टी, आणि मग नुसतीच पट्टी. मोठ्या काकांच्या मुलाला वकील म्हणत, कारण तो वकिली शिकला होता आणि एकदाही कोर्टात उभा राहिला नव्हता. आजोबांना तर घरातलेसुद्धा मिस्त्रीच म्हणत. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण टेबल त्यांचंच होतं: दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकलेला एक जुना दरवाजा. कडीच्या भोकात वकील आपलं पेन उभं करून ठेवायचा.

पत्र क्लायंटकडून आलं होतं. तुम्ही म्हणता, गेल्या महिन्याच्या चौदा तारखेपासून बारा दिवस काम बंद होतं, कारण आम्ही सुधारलेला नकाशा वेळेत दिला नाही. म्हणून बारा दिवसांची मुदतवाढ हवी. तुमच्या साइट डायरीतही चौदा तारखेला "काम बंद, नकाशा नाही" अशी नोंद आहे. परंतु तुम्हीच पाठवलेल्या चाचणीच्या फॉर्मवर काँक्रीटच्या सहा नमुना-ठोकळ्यांची ओतल्याची तारीख चौदा आहे. काम बंद असताना काँक्रीट आलं कुठून? दोन्हींपैकी खरी तारीख कोणती, ते सोमवारी दुपारी बारापर्यंत आपल्या करार व्यवस्थापकाच्या सहीने लेखी कळवावे.

खाली कागद तपासणाऱ्याची सही होती. ती सही या खोलीतल्या प्रत्येकाला ओळखू येत होती. आत्याची.

बारा दिवस मिळाले नाहीत तर हे काम उशिरा गेलं असं ठरणार, आणि या क्लायंटकडे दोन कामं उशिरा देणाऱ्याला तिसरं मिळत नसे. पहिलं उशिराचं काम फर्मच्या नावावर आधीच लागलेलं होतं. त्यात करार व्यवस्थापक म्हणावा असा फर्ममध्ये कुणी नव्हताच. मिस्त्रींच्या काळापासून करार एका पत्र्याच्या पेटीत असत आणि भांडण झालं की पेटी उघडत. आता त्या खुर्चीवर कुणाचं तरी नाव घालायला हवं होतं, आणि ते वकिलाचं की पट्टीचं, हा वाद गेले दोन महिने जेवणाच्या टेबलावर शिळा होत आला होता.

"ठोकळ्यांचे फॉर्म कोण भरतं?" वकिलानं विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

"मी," पट्टी म्हणाली. "आणि दर महिन्याला ते क्लायंटला जातात. पहिल्यापासून. ते करारातच आहे."

"तीन वर्षं जातायत. तीन वर्षांत कुणी उघडूनही पाहिले नाहीत. आणि नेमका हाच एक फॉर्म, नेमक्या डायरीच्या त्याच पानाशेजारी?" त्यानं चहाचा कप उचलला आणि मोठ्या काकांकडे पाहिलं. "बाबा, गुरुवारी मी हिला आत्याबरोबर पाहिलं. त्यांच्या ऑफिससमोरच्या चहाच्या दुकानात. तासभर बसल्या होत्या."

मोठे काका आता पट्टीकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि ते चढण्यापेक्षा वाईट होतं. "खरं आहे?"

खरं होतं. पट्टीनं ते नाकारलं नाही. ती आत्याला नोकरीबद्दल विचारायला गेली होती, म्हणजे हे काम लोक शिकतात तरी कुठून, एवढंच. तिचं स्वतःचं सगळंच आडवाटेचं. रसायनशास्त्राची पदवी, मग दोन वर्षं एका प्रयोगशाळेत यंत्राखाली ठोकळे फोडणं, मग इथे येऊन चाचण्यांचे फॉर्म आणि झालेल्या कामाची मोजमापं. यातून करारांच्या खुर्चीपर्यंत रस्ता आहे का, हे सांगू शकेल असं एकच माणूस तिला माहीत होतं, आणि त्या माणसाचं नाव या घरात वीस वर्षं सहसा कुणी घेत नसे.

आत्या पूर्वी या फर्ममध्येच टायपिस्ट होती. मिस्त्री बोलायचे, ती टाइप करायची. कोणत्या पत्राला कोणतं उत्तर गेलं, कोणती तारीख हुकली, सगळं तिच्या बोटांतून गेलेलं. मिस्त्रींनी फर्मच्या पाटीवर "आणि मुलगे" असं रंगवून घेतलं, त्या आठवड्यात ती नोकरी शोधायला बाहेर पडली. आता ती पलीकडच्या बाजूला सगळ्यात जुनी करार व्यवस्थापक होती. आपलं नातं तिनं तिकडे लेखी कळवलेलं होतं. या फर्मच्या बाबतीत निर्णयावर तिची सही नसे, पण कागद तपासून प्रश्न विचारण्याचं काम तिचंच.

"साइटवरून आलेले असतात, वकिलीतून आलेले असतात," गुरुवारी ती म्हणाली होती, "मोजमापातून तर बरेच येतात. मी टाइपरायटरवरून आले. काम शेवटी एकच आहे. दोन कागद शेजारी शेजारी ठेवायचे आणि बघायचं, एकमेकांशी बोलतात का."

हे सगळं पट्टीनं सांगितलं. जे सांगितलं नाही ते एवढंच, की निघता निघता आत्यानं पर्स बंद करत विचारलं होतं, ठोकळ्यांवरचे आकडे अजून मुकादमच रंगवतो का? आणि ती म्हणाली होती, हो, तोच. तेव्हा तिला तो जुन्या माणसाची विचारपूस करणारा प्रश्न वाटला होता. आता टेबलावर ते पत्र पडलेलं असताना तो तसा वाटत नव्हता. आपण काहीतरी देऊन बसलो, एवढं तिला जाणवत होतं. काय दिलं, ते कळत नव्हतं.

"दोन कागद शेजारी ठेवायचे," मोठ्या काकांनी आत्याचेच शब्द उचलले. "आणि पोरी, दुसरा कागद तू दिलास."

"भाऊ, जरा थांब," बाबा म्हणाले. आणि कप बशीत नीट बसवत राहिले. बाबांचं हे नेहमीचं होतं. ते भांडणात हात घालत, पण मूठ उघडीच ठेवत. शेवटी त्यांनी जे विचारलं ते पट्टीला अनपेक्षित होतं. "डायरी तू रोजच्या रोज लिहितोस ना? का शनिवारी बसून आठवड्याची?"

म्हणजे बाबांचा संशय वेगळ्याच दिशेला होता. मोठ्या काकांचा चेहरा आधी कोरा झाला, मग कानांपर्यंत लाल. काम मी बंद ठेवलं होतं की नाही ते मला माहीत नसेल का, असं काहीतरी ते बोलू लागले. तेरा तारखेला संध्याकाळी क्लायंटचा इंजिनिअर स्वतः येऊन नकाशा बदलतोय म्हणून सांगून गेला, तेराला जिना ओतला तो शेवटचा, चौदाला एक घमेलंसुद्धा हललं नाही. बाबा म्हणाले, मग जिना ओतल्याची परवानगी दाखव. परवानगीची चिठ्ठी होती, तारीखही तेराच होती. पण ती चिठ्ठी दोन दिवस चालते हे सगळ्यांना माहीत होतं. तिनं काहीच सिद्ध होत नव्हतं.

पट्टीनं मान वळवली. दोन भावांना एकमेकांकडे असं बघताना पाहणं तिला नको होतं.

खिडकीबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ, मुकादम बसला होता. शनिवारी दुपारी दुसऱ्या मजल्याचे कॉलम ओतले होते, त्याचे सहा लोखंडी साचे त्याच्यापुढे ओळीनं होते. इतर दिवशी तो हे काम उजाडायलाच उरकायचा. ती नऊला येईपर्यंत ठोकळे पाण्यात मुरायला टाकीच्या तळाशी गेलेले असायचे. आज सुट्टी, म्हणून त्याला घाई नव्हती. पान्यानं बोल्ट सैल केले, लाकडी हातोडीनं टकटक केलं, साचा दोन्ही बाजूंनी उघडला आणि करडा, अजून ओलसर ठोकळा दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. मग लाल रंगाच्या डब्यात ब्रश बुडवून त्यानं वर आकडे काढले. दोन. तीन.

आज तेवीस होती.

पट्टी उठली तेव्हा मोठे काका बाबांना काहीतरी लागेलसं बोलत होते. ती बाहेर गेली आणि टाकीच्या कठड्याशी उकिडवी बसली.

"मुकादमकाका, हे ओतले कधी?"

"काल. तुम्ही होता की."

"मग यावर तेवीस का?"

मुकादमानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू पाणी ओलं का असतं असंच तिनं विचारलंय. "आज निघाले ना साच्यातून. ओल्या काँक्रीटवर रंग धरत नाही, ताई. आणि आत असेस्तोवर तो ठोकळा कुठला, नुसता गारा. बाहेर आला की त्याचा जन्म. मिस्त्रींची पद्धत आहे ही. मला त्यांनीच ब्रश धरायला शिकवलं."

"नेहमी असंच?"

"पहिल्या दिवसापासून."

तिनं आयुष्यात काही हजार ठोकळ्यांवरच्या तारखा वाचल्या होत्या. तारीख लिहिली जाताना तिनं आज पहिल्यांदा पाहिलं.

आत आली तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तिनं फडताळातून चाचण्यांचं रजिस्टर काढलं, डायरीचे तीन खंड काढले, गेटवरचं हजेरीबुक काढलं, आणि मिस्त्रींच्या दरवाजावर, चहाचे कप बाजूला सारून, सगळं शेजारी शेजारी मांडलं. मग पेन्सिलीनं खुणा करायला लागली. तीन वर्षांत एक्केचाळीस वेळा ठोकळे भरले होते. पंधरावी खूण झाली तेव्हा बाबा गप्प झाले. तिसावी झाली तेव्हा मोठे काका खुर्ची ओढून जवळ आले.

"एक्केचाळीसच्या एक्केचाळीस," ती म्हणाली. "डायरीतली तारीख आणि ठोकळ्यावरची तारीख यांत प्रत्येक वेळी एक दिवसाचा फरक आहे. आणि हे बघा, सात वेळा ठोकळ्यावर रविवार आहे. रविवारी गेटवर मुकादमाशिवाय एकही हजेरी नाही. एकट्या माणसानं स्लॅब ओतला असेल तर गोष्ट वेगळी. मोठ्या काकांची डायरी खरी आहे. जिना तेरालाच ओतला. चौदाला साचे उघडले."

मोठे काका बराच वेळ त्या खुणांकडे बघत राहिले. त्यांच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं, पण बाबांकडे त्यांनी पाहिलं नाही. ते लगेच होणारं नव्हतं.

वकिलानं मात्र टाळी वाजवल्यासारखे हात जोडले. "मग संपलं की. रंगवताना आकडा चुकला, तेराच्या जागी चौदा पडलं. एका ओळीचं पत्र. मी आत्ता लिहितो."

"सहा ठोकळ्यांवर?" काकू म्हणाल्या. त्या इतका वेळ बोलल्याच नव्हत्या, त्यामुळे सगळ्यांनी माना वळवल्या. "सहाही वेळा हात तसाच चुकला?"

"आई, तुला यातलं कळत नाही."

"कळत नाही म्हणूनच विचारते. मला कळत नसताना सुचलं, तर तिला नाही सुचणार?"

ती म्हणजे कोण हे सांगायची गरज पडली नाही. पट्टीनं पुढचं सांगितलं, कारण ते तिलाच सांगायला हवं होतं. बाकी चाळीस फॉर्म आत्याकडे आहेत. एकच आकडा चुकला असं कळवलं, तर ती उरलेले चाळीस समोर ठेवेल, आणि मग डायरीही खोटी ठरेल आणि पत्रही. खरं कारण सांगायचं, तर सगळंच सांगावं लागेल. ठोकळा सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी फोडून ताकद बघतात. आपले सगळे ठोकळे आठव्या आणि एकोणतिसाव्या दिवशी फुटलेत. काँक्रीट दिवसागणिक थोडं घट्ट होत जातं, तेव्हा आपले आकडे किंचित फुगलेले आहेत. इमारतीला धोका नाही, तेवढा फरक नसतो. पण एक्केचाळीस फॉर्मवर वय चुकीचं आहे, आणि "ओतल्याची तारीख" या रकान्यात ते सगळं अक्षर माझं आहे. मी ठोकळ्यावरून उतरवून घेत गेले. कधी विचारलं नाही.



"ताईला ही पद्धत माहीत होती," बाबा हळूच म्हणाले. "तेव्हा ठोकळ्यांची पत्रं तीच टाइप करायची."

"मग विचारलं कशाला?" मोठे काका म्हणाले. "आपल्या तोंडून वदवून घ्यायला. मिस्त्रींचं चुकलं, हे कागदावर, आपल्या सहीनं. वीस वर्षं थांबली याच्यासाठी."

तेव्हा पट्टीनं चहाच्या दुकानातल्या त्या शेवटच्या प्रश्नाचं सांगून टाकलं. वकील खुर्चीतून पुढे झुकला. बघा, असं तो म्हणणार होता, पण तिनं पत्राचा वरचा कोपरा त्याच्यापुढे धरला. तारीख बुधवारची होती. चहा गुरुवारी झाला होता. पत्र लिहून झाल्यावर तिला माझ्याकडून काढून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं, पट्टी म्हणाली. तिथे बसून ती आपल्याला उत्तर सांगू शकत नाही. प्रश्न विचारू शकते.

"म्हणजे मदत केली म्हणतेस?" मोठ्या काकांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. बारा दिवस परत मिळण्याचा एकच रस्ता आत्यानं दाखवला होता, आणि तो रस्ता नेमका मिस्त्रींच्या अंगणातून जात होता. दोन्ही गोष्टी तिनं एकाच वेळी केल्या असतील. पट्टीला वाटलं, आत्याला विचारलं तर ती पर्स बंद करेल आणि भलतंच काहीतरी विचारेल. तिनं एक गोष्ट मात्र मनात टिपून ठेवली: पत्रावरची तारीख वकिलानं सकाळपासून तीन वेळा वाचली होती, मोठ्यानं, आणि गुरुवारची गोष्ट तरीही सांगितली होती.

दुपारी पट्टीनं मसुदा लिहिला. दोन पानं झाली, सोबत एक्केचाळीस ओळींचा तक्ता. मोठ्या काकांनी तो उभ्यानं वाचला आणि एकाच जागी बोट ठेवलं. "यात मिस्त्रींचं नाव नाही."

"पद्धत आमच्या साइटची आहे, असं लिहिलंय. फॉर्म मी भरले, असं लिहिलंय. नावाची गरज नव्हती."

त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही, आणि डायरीच्या पानांच्या प्रतींवर एकेक सही करायला बसले. अर्ध्यावर आल्यावर बाबांनी न बोलता पुढचे कागद त्यांच्याकडे सरकवले.

उरली शेवटची ओळ. करार व्यवस्थापक, आणि पुढे कोरी जागा. बाबांनी वकिलाकडे पाहिलं, कारण कालपर्यंत त्यांचंही मन तिकडेच झुकलेलं होतं, हे पट्टीला ठाऊक होतं.

"हिचंच नाव घाला," वकील म्हणाला. इतक्या मोकळेपणानं, की काकूंनी कप पुसता पुसता वर पाहिलं. "शोधलं हिनं, लिहिलं हिनं. मी उगाच मध्ये कशाला?" त्यानं कडीच्या भोकातून आपलं पेन काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

दोन महिने ज्या खुर्चीसाठी त्यानं तोंड थकवलं होतं, ती तो पेनासकट देत होता. का, ते समजायला वकिली शिकायला नको होती. उद्या हे पत्र उलटलं, एक्केचाळीस फॉर्मची चौकशी लागली, तर तिथे ज्याचं नाव त्यालाच बोलावणार. आणि नाही उलटलं, तर खुर्चीचं पुन्हा बघता येईल. बाबांना हे दिसत होतं का? दिसत असावं, ते पुन्हा पंख्याकडे बघत होते.

पट्टीनं त्याचं पेन घेतलं नाही. स्वतःचं काढलं. सही केली, खाली तारीख घातली, आणि ती एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिली.

"जपून गं," काकू एवढंच म्हणाल्या.

पत्राचा लिफाफा घेऊन ती बाहेर आली तेव्हा ऊन टाकीच्या अर्ध्यावर आलं होतं. सहा ठोकळे कठड्यावर वाळत होते, लाल तेवीस अंगावर घेऊन. मुकादम साच्यांना तेल लावत होता. खिडकी उघडीच होती. त्यानं सगळं ऐकलं असणार.

"पुसायचे का, ताई?"

"पुसायचे."

त्यानं रॉकेलचा बोळा घेतला. सहाही ठोकळ्यांवरचे आकडे पुसले, सावकाश, आणि करड्या पृष्ठावर फिकट गुलाबी डाग तेवढे उरले. मग त्यानं ब्रश डब्यात बुडवला, कडेवर निथळला आणि तो हातात तसाच धरून थांबला. तीस वर्षांत त्याला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

"मग कोणती लिहू?"

"कालची," पट्टी म्हणाली, आणि सहाव्या ठोकळ्यावर बावीस येईपर्यंत तिथेच बसून राहिली.